गाजर गवताची जन्मतारीख

हडपसरात, फुरसुंगीत किंवा मांजरीत कुणाही जुन्या माणसाला विचारा, गाजर गवत आपल्याकडं कधी आलं? साल कुणी सांगणार नाही. एक म्हणेल, 'पानशेत फुटलं त्याच्या मागंपुढं.' दुसरा म्हणेल, 'मिलो खाल्ला तवा.' आणि तिसरा, जरा पेपर वाचणारा, छातीठोक सांगेल, 'अमेरिकेनं गहू दिला ना, त्यातनं आलं. मुद्दाम घातलं त्यांनी.' आमच्याकडं काळ मोजायची रीतच ही. लग्नं, बाळंतपणं, विहिरी, सगळं पानशेतच्या अलीकडं नाहीतर पलीकडं. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. मिलो, म्हणजे ती रेशनवरची तांबडी ज्वारी, बहुतेकांना आठवते ती बहात्तरच्या दुष्काळातली. म्हणजे दोन उत्तरांत दहा-अकरा वर्षांचं अंतर पडलं. आणि कागदावर जी नोंद आहे ती या दोन्हीच्या आधीची आहे.

ही नोंद पुण्यातलीच आहे, आपल्या हडपसरपासून दोन-अडीच कोसांवरची. १९५६ साली बॉटनिकल सर्व्हेचे आर. एस. राव यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं. पार्थेनियम नावाची वनस्पती भारतात नव्यानं सापडली आहे, आणि ती पुण्यात सापडली आहे, असं त्यात होतं. त्याच्याही आधी, १९५१ साली, प्रा. परांजपे यांनी पुण्यातल्या उकिरड्यांवर याची तुरळक झाडं पाहिली होती, हेही त्यातूनच पुढं आलं. उकिरड्यावरचं झाड थांबून बघणारा माणूस विरळाच. आपण नाकाला पदर नाहीतर रुमाल लावून पुढं जातो.

नवं झाड ओळखायचं काम कसं चालतं, हे मला फार उशिरा कळलं. झाड मुळासकट उपटायचं, कागदात दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं, कुठं सापडलं, कधी सापडलं ते खाली लिहायचं. मग पुस्तकं काढायची. आपल्या भागासाठी थिओडोर कुक यांचं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचं मोठं पुस्तक आहे, १९०१ ते १९०८ या काळात छापलेलं. त्यात जुळतं का बघायचं. जुळलं नाही, की बाहेरच्या मुलखाची पुस्तकं. अशा रीतीनं हे झाड थेट लिनियसपाशी पोचतं. त्यानं १७५३ सालीच त्याला पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव देऊन ठेवलं होतं, जमैकातल्या झाडावरून. म्हणजे मूळ घर पलीकडं, मेक्सिकोच्या आखाताच्या आसपास आणि वेस्ट इंडीजच्या बेटांत.

आता गव्हाची गोष्ट. ती इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितली आहे, की तिच्यावर शंका घेतली तर आपल्यालाच लोक वेडं ठरवतात. पण तारखा मांडून बघू. ज्या गव्हाला आपण पीएल-४८० चा गहू म्हणतो, तो कायदा अमेरिकेत झाला जुलै १९५४ मध्ये. भारताशी त्याखाली पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. आणि झाड उकिरड्यावर दिसलं १९५१ ला. कराराच्या पाच वर्षं आधी. म्हणजे त्या कराराच्या गव्हानं हे झाड आणलं असं म्हणणं म्हणजे बारशाच्या आधी मुंज लावण्यासारखं आहे. फार तर त्या गव्हातून पुढं आणखी बी आलं असेल.

गव्हाची बाजू घेणारा माणूस इथं म्हणेल, पण १९५१ सालीही अमेरिकेचा गहू आला होता. खरंच आहे. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेनं वीस लाख टन धान्यासाठी एकोणीस कोटी डॉलरचं कर्ज भारताला दिलं होतं. पण कायदा जूनमध्ये होणार, गहू जहाजात भरून मुंबईला येणार, तिथून पुण्याला, आणि त्यातलं बी सांडून उगवून त्याच वर्षी उकिरड्यावर दिसणार. अगदी अशक्य नाही, कारण हे झाड उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. तरी ओढूनताणूनच वाटतं. त्याआधीही, लढाईच्या काळापासून, परदेशी धान्य येतच होतं. कुठल्या पोत्यातून आलं हे आता कुणी सांगू शकत नाही.

त्यातही गंमत अशी, की रावांच्या टिपणानंतर बऱ्याच वर्षांनी जुनी कागदपत्रं चाळणाऱ्यांना हेच नाव आणखी मागं सापडलं. रॉक्सबर्गनं कलकत्त्याच्या कंपनी बागेतल्या झाडांची यादी केली होती, १८१४ साली छापलेली. तिच्यात हे नाव आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत १८८० सालचा एक वाळवलेला नमुनाही आहे. म्हणजे इंग्रजांच्या बागेत कुणीतरी हौसेनं लावलेलं हे झाड दीडशे वर्षं गपचूप कुठंतरी होतं, आणि पुण्याच्या उकिरड्यावरून मात्र ते सुटलं ते थेट देशभर. आधीचं झाड वेगळं आणि नंतरचं वेगळ्या बियाचं, असंही असेल. पण 'अमेरिकेनं मुद्दाम घातलं' या गोष्टीला यातला एकही कागद पुरावा देत नाही.

मग उकिरड्यावरून ते हडपसरात कसं आलं? याला कागद नाही, पण मला स्वतःला काही कोडं वाटत नाही. आमचा हा सगळा भाग माळव्याचा. मुठेच्या कॅनॉलचं पाणी, काळी जमीन, आणि पुण्याची मंडई हाकेच्या अंतरावर. पहाटे अंधारात गाड्या निघायच्या, मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, वांगी भरून. जाताना भरलेली गाडी येताना रिकामी आणायची नाही, हा आमच्या आज्याचा नियम. येताना गाडीत शहराचं खत असायचं. पुण्याचा कचरा, सोनखत, कुजवून केलेलं खत हे या कॅनॉलच्या पट्ट्यात इंग्रजांच्या काळापासून उसाला आणि माळव्याला पडत आलेलं आहे. उकिरड्यावर बी पडलं, उकिरड्याचं खत झालं, खत गाडीत बसलं आणि गाडीतळावरून वळून आमच्या वाफ्यात उतरलं. माझा हा कयास आहे, पण बैलगाडीचा रस्ता मला माहीत आहे म्हणून तो मी धरून बसलोय. मंडईला माळवं आम्ही दिलं, आणि बदल्यात हे आलं.

ज्यांना गाजर गवत नुसतं नावानं माहीत आहे, अशा शहरातल्या वाचकांसाठी ते ओळखायचं कसं हे सांगतो. ज्येष्ठाच्या अखेरीला दोन्ही पालख्या हडपसरातून जातात, माउलींची सासवडकडं वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणीकडं जाते. त्या सुमाराला हे रोप जमिनीला चिकटून थाळीसारखं पसरलेलं असतं. पानं गाजराच्या पानासारखी चिरलेली. तेव्हा ते बोटभर ताकदीनं उपटून येतं, आणि तेव्हा त्याच्याकडं कुणी बघत नाही. मग मधनं दांडा उठतो, उभ्या रेघा असलेला, बारीक लव असलेला. गौरी-गणपतीपर्यंत कमरेएवढं, कुठं डोक्याएवढं होतं आणि सगळं पांढरं दिसायला लागतं. कॅनॉलच्या कडेला ओल असते, तिथं तर बारा महिने फुललेलं.

फूल म्हणून जे दिसतं ते फूल नसतं, फुलांचा गेंद असतो. ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याला कडेनं पाच कोपरे, त्या प्रत्येक कोपऱ्यात एक बी. शेवंती, सूर्यफूल, झेंडू यांच्या कुळातलं हे. मगरपट्ट्याच्या बाजूला एका फुलवाल्याकडं गुलाबाच्या गुच्छात मी हेच खोचलेलं पाहिलं आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, 'जिप्सी आहे काका.' जिप्सी म्हणजे जिप्सोफिला, ते कार्नेशनच्या कुळातलं. लांबून दोन्ही पांढरा भुरका दिसतो, म्हणून गिऱ्हाईक फसतं. पण हातात घेतलं की चूक होत नाही. कार्नेशनच्या कुळात पानं समोरासमोर जोडीनं येतात, पेर फुगलेलं असतं, पान गुळगुळीत आणि चिरा नसलेलं, आणि फुलाला खऱ्या पाच पाकळ्या. गाजर गवताचं पान एकाआड एक आणि फाटकं. आणि चुरगाळून वास घेऊ नका. ते का, ते पुढं येईल.

आमचे थोरले चुलते, त्यांना सगळं घर तात्या म्हणायचं. दारं धरायचं काम त्यांचं. रात्रीची पाळी असो नाहीतर दुपारची, पाटाच्या कडेनं खोरं घेऊन फिरायचं, आणि पाटाची दोन्ही अंगं या गवतानं भरलेली. पासष्ट सालच्या पावसाळ्यात त्यांच्या पापण्या सुजल्या. मग मान, कोपराची लवण, गुडघ्याच्या मागं. खाज अशी, की रात्री उठून बाजेच्या काथ्यावर पाठ घासायचे. दिवाळीनंतर कमी व्हायचं, पावसाळ्यात पुन्हा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चेहऱ्याची कातडी जाड झाली, काळी पडली, कपाळावर खोल घड्या पडल्या, कानाच्या पाळ्या सुजून लोंबल्यासारख्या झाल्या.

आणि गावात एक शब्द फिरायला लागला. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. पण पंगतीत तात्यांच्या शेजारची जागा मोकळी राहायची. चहाच्या टपरीवर त्यांना कप न देता कधी ग्लास, कधी नुसतंच 'संपला चहा.' तात्यांच्या मोठ्या मुलीची, आमच्या अक्काची, सोयरीक ठरत आली होती. बघायला आलेली माणसं तात्यांकडं बघून गेली आणि निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून झाली होती. काकू चुलीपुढं बसून म्हणाल्या, 'पत्रिका न्हाई वो, त्वांड जुळंना आमचं.' महारोग, हा तो शब्द. त्या काळी तो लागला की घर उठायचं.

उपाय काय केले नाहीत? कडुलिंबाच्या पाल्याची अंघोळ, करंजाचं तेल, जेजुरीला खेटे. एका डॉक्टरनं गजकर्ण म्हणून मलम दिलं, दुसऱ्यानं रक्त बिघडलंय म्हणून सुया टोचल्या. खरं तर महारोगाच्या चट्ट्याला भावना नसते, टाचणी टोचली तरी कळत नाही, आणि तात्यांना तर वाऱ्याची झुळूक सोसत नव्हती. एवढी एक गोष्ट कुणी नीट विचारली असती तरी तो शब्द तिथंच मेला असता. एकदा ते मधल्या मुलाकडं मुंबईला चार महिने राहिले. चेहरा निम्मा साफ झाला. परत आले, आठ दिवसांत पुन्हा सूज. लोक म्हणाले, गावचं पाणी लागत नाही त्यांना. म्हातारी म्हणाली, कुणीतरी केलंय.

त्याच वर्षांत पुण्यातल्या डॉक्टरांपुढं असे रोगी एकामागून एक येत होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. १९६८ साली डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी या झाडानं कातडीचा विकार होतो असं सांगणारं टिपण छापलं, आणि बहात्तरपर्यंत त्याला साथ म्हणण्याइतके रोगी झाले होते. झाड ओळखल्यावर बारा वर्षांनी त्याचा रोग ओळखला गेला. झाडाच्या अंगावर, पानात, फुलात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ज्याला ते सोसत नाही त्याला हात लावावाही लागत नाही, वाळक्या झाडाचा भुगा हवेतून आला तरी पुरतं. म्हणून ते पापण्यांवर, मानेवर, उघड्या अंगावर उठतं. उघड्यावर राबणाऱ्या, वय झालेल्या पुरुषांना जास्त, हेही डॉक्टरांनी टिपलं आहे. खुरपणाऱ्या बायका दिवसभर हातानं तेच उपटतात, तरी त्यांच्यात हा विकार तितका दिसत नाही.

एकाहत्तरमध्ये तात्यांना कुणीतरी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सातवीत होतो, पिशवी धरायला बरोबर. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते असं, 'तुमच्या पाटाला काय उगवतं?' मग पाठीवर बारीक पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी बोलावलं. पट्ट्या काढल्या तेव्हा एकाच पट्टीखाली लालभडक फोड उठला होता. डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून कागदावर चिकटवलेली एक वाळकी फांदी काढून पुढं ठेवली. तात्या तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, 'ही तर आमच्या बांधाची.'

तो कागद, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, तात्यांनी फ्रेम करून ओटीवर लावली. देवाच्या तसबिरींच्या रांगेत. इंग्रजीत होती, गावात कुणाला वाचता येत नव्हती, तरी आल्यागेल्याला दाखवायचे. 'महारोग न्हाय. गवात हाय.' पुढच्या मार्गशीर्षात अक्काचं लग्न झालं. तात्या पूर्ण बरे मात्र कधीच झाले नाहीत. गोळ्यांनी सूज उतरायची, गोळ्या बंद केल्या की चढायची. शेवटी त्यांनी दारं धरणं सोडलं, जमीन भावांकडं वाट्यानं दिली आणि मंडईत एका आडत्याकडं हिशेब लिहायला लागले. शेत दिसत असून शेतात जाता येत नव्हतं. मला वाटतं ते त्यांना कातडीपेक्षा जास्त टोचायचं.

नावं याला किती पडली बघा. गाजर गवत, चटक चांदणी, पांढरी फुली. काँग्रेस गवत हे नाव तर सगळीकडं. कुणी म्हणतं पांढऱ्या टोपीसारखं फूल म्हणून, कुणी म्हणतं ज्यांच्या राज्यात आलं त्यांचं नाव. आमच्या वाड्यात टोपीवाले बरेच, त्यामुळं तिथं गाजर गवतच म्हणायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत वाद. इथिओपियाच्या पूर्वेकडच्या लोकांनी याला दिलेल्या नावाचा अर्थ 'सही कर आणि जमीन सोड' असा आहे म्हणे. आमच्या बाजूच्या शेतकऱ्यांनीही नंतर सह्या केल्या, पण त्या गवतापायी नाही.

आणि परदेशातून आलं म्हणून राग, हेही मला तितकंसं पटत नाही. खुरप्यानं बोट कापलं की आपण पटकन चोळतो तो दगडी पाला अमेरिकेतला. पिवळा धोत्रा मेक्सिकोचा. बांधावरची घाणेरीही तिकडचीच. मिरची, बटाटा, टोमॅटो यांचं तर बोलूच नका, त्यांच्यावरच आमची मंडई चालली. हे गवत वाईट ते परकं म्हणून नव्हे. एका झाडाला पंधरा-वीस हजार बी धरतं, गुरं तोंड लावत नाहीत, लावलं तर दूध कडू होतं, आणि माणसाचं तोंड बदलून टाकतं, म्हणून वाईट.

याला खाणारा किडा त्याच्या मुलखातूनच आणावा लागला. १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगा बंगळूरला आणला, पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघांचा, आणि पुढच्या वर्षापासून तो सोडायला लागले. मध्ये तो सूर्यफूल खातो अशी ओरड झाली, चौकशा झाल्या. पावसाळ्यात तो पानांची जाळी करून टाकतो हे मी बघितलं आहे. पण थंडी लागली की स्वारी मातीत झोपते, आणि कॅनॉलकडचं गवत काही झोपत नाही. काही ठिकाणी तरोट्यानं त्याला दाबलंय. मिठाचं पाणी मारतात, फुलायच्या आधी उपटून त्याचं खतही होतं, चांगलं होतं. सगळं गणित त्या 'फुलायच्या आधी'वर आहे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा गाजर गवत सप्ताह असतो तो १६ ते २२ ऑगस्ट, तो याचसाठी.

आता आमच्याकडं वाफे कमी आणि प्लॉट जास्त. कंपाउंड घालून ठेवलेल्या, विकायच्या नाहीतर बांधायच्या जमिनी. तिथं खुरपं चालत नाही, बैल चरत नाही, आणि गाजर गवताला आणखी काय पाहिजे? गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आमच्या सोसायटीच्या कडेच्या प्लॉटवर ठेकेदाराची माणसं ते कापायला आली. चार बायका, हातात विळे, मोजे नाहीत, गवत गळ्याएवढं आणि पांढरं फटफटीत. प्रत्येक घावाला बी खाली झडत होतं. मी त्यातल्या एकीला म्हटलं, 'मावशी, तोंडाला रुमाल तरी बांधा. आणि हे फुलायच्या आधी का नाही कापत?'

पदर नाकावर ओढत त्या म्हणाल्या, 'आधी कापाया आम्हाला कोन बोलवतंय दादा? पांढरं दिसाया लागल्याबिगर बिल निघत न्हाई म्हनं.'